लेंकरांचें औषध

एखाद्या रोगावर औषध सांपडलें म्हणजे त्या रोगाची भीति सरली, अशी आपली एक भाबडी समजूत असते. एच्. आय्. व्ही. या विषाणूनें बाधित झालेल्या बालकांची हकीगत जो वाचील, त्याची ही समजूत फार दिवस टिकणार नाहीं.

श्रीमंत देशांत ही बाधा घेऊन जन्मास येणारें मूल आतां विरळा. गर्भवतीची वेळेवर तपासणी होते, तिला औषध मिळतें, आणि मूल बहुधा सुखरूप राहतें. बाधित मुलें उरलीं तीं बहुतेक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत. जेथें गिऱ्हाइकाच्या हातीं पैसा नाहीं, तेथें कारखानदाराचें लक्ष नाहीं. माझ्या मतें या दुःखाचें मूळ वैद्यकाच्या अज्ञानापेक्षां या बाजारी हिशोबांतच अधिक आहे.

प्रौढ मनुष्य उपचारावांचूनहि पुष्कळदां आठ-दहा वर्षें काढतो. अर्भकाला तेवढी सवड नाहीं. औषध न मिळाल्यास बाधित अर्भकांपैकीं सुमारें निम्मीं दुसरा वाढदिवसहि पाहत नाहींत. दक्षिण आफ्रिकेंतील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. लक्षणांची वाट न पाहतां सहा ते बारा आठवड्यांच्या वयांतच औषध सुरू केलें, तर मृत्यूंचें प्रमाण ७६ टक्क्यांनीं घटतें, असें त्यांत आढळलें.

पण रोग ओळखावयाचा कसा? मोठ्यांची साधी रक्तपरीक्षा येथें फसवी ठरते. कारण आईच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें बाळाच्या अंगांत दीड वर्षापर्यंत राहूं शकतात, आणि निरोगी बाळहि बाधित भासतें. म्हणून प्रत्यक्ष विषाणूचाच शोध करावा लागतो. पुष्कळ ठिकाणीं त्यासाठीं टांचेंतील रक्ताचे थेंब कागदावर वाळवून दूरच्या शहरीं धाडावे लागतात. उत्तर येईपर्यंत कित्येक माता पुन्हां दवाखान्याची पायरी चढत नाहींत. (त्यांना बोल लावणारांनीं आजारी मूल कडेवर घेऊन दहा मैल चालून पाहावें.)

औषधाची कथा तर याहून विलक्षण आहे. लोपिनाव्हीर व रिटोनाव्हीर यांचें मुलांसाठीं केलेलें पातळ औषध कडू जहर; त्यांत शेंकडा ४२ भाग मद्यार्क; शिवाय तें थंड जागीं सांठवावें लागे. ज्या झोंपडींत विजेचा दिवा नाहीं, तेथें शीतपेटी कोठून यावी? २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें दहा हजार डॉलरांहून अधिक असलेला वार्षिक औषधखर्च ३५० डॉलरांवर आणण्याची तयारी दाखविली. याचा आपणांस अभिमान वाटावा हें योग्यच; परंतु तेव्हांहि भाषा होती ती मोठ्यांच्या गोळ्यांची. डोलुटेग्राव्हीर हें उत्तम औषध मोठ्यांसाठीं २०१३ सालीं मंजूर झालें; त्याचीच पाण्यांत विरघळणारी, चवीची, स्वस्त गोळी लहानग्यांसाठीं मंजूर होण्यास २०२० चा नोव्हेंबर उजाडला. दोन वर्षें जगण्याचीहि ज्यांना शाश्वति नाहीं, त्यांना आपण सात वर्षें थांबावयास लाविलें!

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं शेंकडा ७७ बाधित प्रौढांना औषध मिळत होतें, मुलांपैकीं अवघ्या ५७ जणांना. त्या एका वर्षांत सुमारें ७६ हजार मुलें दगावलीं.

नवें औषध आधीं मोठ्यांवर अजमावावें, कोंवळ्या जिवांवर प्रयोग नकोत, असें कोणी म्हणेल. आक्षेप दयाळूपणाचा आहे, पण अपुरा आहे. मोठ्यांची गोळी अंदाजानें मोडून मुलाच्या तोंडांत घालणें हाहि प्रयोगच होय. मात्र त्यावर वैद्याची देखरेख नसते आणि त्याची नोंदहि होत नाहीं. मोठ्यांच्या औषधास परवाना देतांना मुलांसाठींहि त्याची परीक्षा करावी, अशी अट कांहीं देशांच्या कायद्यांत आहे. परंतु तिला मुदतवाढ सढळ हातानें मिळते. ती इतक्या सहज देऊं नये, आणि मुदत टळल्यास कारखानदारास उघडपणें जाब विचारावा.