मोरचुदाची बादली आणि मराठी शाळा

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की चर्चा दुकानांच्या पाट्यांवर, बसच्या फलकांवर आणि सरकारी कागदांवर येऊन थांबते. ती चर्चा व्हायलाच हवी. पण वर्गातल्या फळ्यावर काय लिहिले जाते, याची चौकशी आपण कितीदा करतो? दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल विज्ञान शाखेच्या अकरावीत जाते. तिथे सारे इंग्रजीत सुरू होते आणि रसायनशास्त्राच्या ‘रेडॉक्स’ धड्याशी ते अडखळते. मग घरात एकच सूर निघतो, ‘मराठी शाळेत घातले, तिथेच चुकले.’ हे निदान आम्हाला मान्य नाही.

ज्याच्या घरी द्राक्षबाग, पानमळा किंवा पोफळी आहे, त्याने बोर्डो मिश्रण पाहिलेले असते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. मिश्रण जमले की नाही हे पाहायला जुने शेतकरी त्यात घासलेला विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. याच कारणाने मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत.

हा विळा म्हणजेच रेडॉक्सचा धडा आहे. मोरचुदात तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक अधिक २ असतो. विळ्यातल्या लोखंडाचा शून्य. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देते, त्याचा अंक शून्यावरून अधिक २ होतो. हे ऑक्सिडीकरण. तांबे ते दोन इलेक्ट्रॉन घेते, त्याचा अंक अधिक २ वरून शून्यावर येतो आणि ते पात्यावर बसते. हे क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, म्हणून दोन्ही क्रिया जोडीनेच घडतात.

यात ऑक्सिजन वायूचा कुठे संबंध आला? नाहीच. ऑक्सिजनशी संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण, ही व्याख्या लोखंड गंजण्याला चालते, विळ्याला चालत नाही. म्हणून अंकाचा हिशेब शिकावा लागतो. आणि त्याच बादलीत चुना व मोरचूद यांची जी क्रिया होते, तिच्यात तांब्याचा अंक अधिक २ च राहतो. ती रेडॉक्स नव्हे. एका बादलीतला हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला धडा कळला.

मुलांची दुसरी अडचण ‘क्षपण’ या शब्दाची. इलेक्ट्रॉन मिळाले, तरी नाव कमी होण्याचे कसे? इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो. तो आला की अंक खाली येतो. कमी होतो तो अंक. इंग्रजीतल्या ‘रिडक्शन’ शब्दाचाही हाच घोटाळा आहे, तेव्हा अडचण मराठीची नाही, समजावून न सांगण्याची आहे. न समजता पाठ केलेले इंग्रजीतही परीक्षेनंतर उरत नाही.

तरी आपणही प्रामाणिक असले पाहिजे. अकरावीचे पुस्तक इंग्रजीत आहे, हे नाकारून चालणार नाही. मुलाला संकल्पना मराठीत पक्की कळली, पण ‘क्षपण’ म्हणजेच ‘रिडक्शन’ हे कुणी सांगितले नाही, तर ते हुशार असूनही मागे पडेल. त्याची जबाबदारी भाषेवर ढकलू नये. ती शाळेची, पालकांची आणि आम्हा लिहिणाऱ्यांचीही आहे.

आमची सूचना साधी आहे. आठवीपासून प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी तिचा इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत फळ्यावर लिहावा. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत गावातल्या मंडळाने वा वाचनालयाने महिनाभराचा वर्ग चालवावा. विज्ञान शिकून नोकरीला लागलेल्या गावच्या मुलामुलींनी तिथे शिकवावे. याला ना कुणाची परवानगी लागते, ना अनुदान.

पाटीवरची मराठी आपण टिकवूच. पण ज्या भाषेत मुलाला बादलीतले रसायन समजते, ती भाषा मुलाच्या मनातून कुणी पुसू शकत नाही. तेवढे काम आपल्याच हातात आहे.