बंधारा हवा, पण वाळूही राहावी

आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे मूळ गाव कोकणात. भोपाळमध्ये पिढ्या गेल्या, तरी कुलदैवताला जाणे सुटलेले नाही. तेथील किनाऱ्यांवर ठिकठिकाणी काळ्या दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे दिसतात. घर-बाग वाचावी ही गावकऱ्यांची मागणी रास्तच आहे. पण याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येऊन शंभरएक अंडी घालते. तिला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू लागते. वाटेत दगड आले की ती माघारी फिरते किंवा खालीच अंडी घालते. ती भरतीत वाया जातात. शिवाय बंधाऱ्यावर आपटणारी लाट पुढची वाळूच ओढून नेते.

वेळास (ता. मंडणगड) येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखली. पुढे कासव महोत्सवामुळे गावात चार पैसेही आले.

२०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत. बँकेत तारण तपासल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही; तसे विणीची जागा तपासल्याशिवाय बंधाऱ्यालाही पैसा मिळू नये. यंदा गावी जाल, तेव्हा सरपंचांना आणि आमदारांना एवढे अवश्य विचारा.