स्वतःच्या वाट्यातले दान

बायबलात मार्काच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, एका गरीब विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या भांडारात श्रीमंतांनी पुष्कळ द्रव्य टाकिले. तिने दोन क्षुद्र नाणी टाकिली. तरी येशूने तिचेच दान मोठे मानिले. कारण इतरांनी शिलकेतून दिले, तिने आपली उपजीविकाच दिली. महाभारतातील मुंगूसही उपाशी ब्राह्मणाचे सातूचे दान युधिष्ठिराच्या अश्वमेधाहून थोर ठरवितो.

आपण मात्र दारी याचक आला की आपला पैसा मुलाच्या हाती देतो आणि त्याच्या औदार्याचे कौतुक करितो. मीही हेच केले आहे. अशाने मुलाला स्तुतीची गोडी लागते, दानाची नव्हे.

घर कोरीटासारख्या खेड्यात असो वा पुण्यात, मुलांस ही गोष्ट सांगावी, आणि सवंगड्यास स्वतःच्या लाडवातला अर्धा देऊ द्यावा. मात्र मातांनो, तो अर्धा मागाहून भरून देऊ नये!