उतारावरचा पाऊस कोणाचा?



घरच्या चहाची पत्ती बहुधा आसामची असते. पण चहाचे मळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दार्जिलिंग उभे राहते. हिमालयाच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटर उंचीवर वसलेले हे गाव. 1841 साली डॉ. कँपबेल यांनी तेथे चहाची रोपे लावून पाहिली आणि पुढे डोंगरच्या डोंगर चहाने झाकले गेले. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे वर्णन ‘थंड हवेचे ठिकाण’ असे असते. मला हे वर्णन अपुरे वाटते. डोंगर काही नुसता पाहण्यासाठी नसतो. त्यावर माणसे जगतात. आणि त्यांच्या जगण्याचा धडा चाळीसगावच्या मुलांनाही फार उपयोगी आहे.

आता तुम्ही विचाराल, चहा आपल्या खानदेशात का पिकत नाही? चहाला भरपूर पाऊस हवा, पण मुळाशी साचलेले पाणी मुळीच चालत नाही. म्हणून त्याला उतार मानवतो. शिवाय जमीन आम्लधर्मी लागते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवणारी आणि अल्कधर्मी. ती कापसाला मानवते, चहाला नाही.

दार्जिलिंगला वर्षाला 250 ते 300 सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. मग तेथे पाण्याची चंगळ असेल? तसे नाही. उन्हाळ्यापूर्वीच झरे आटतात आणि लोक पाणी विकत घेतात. पाऊस पडणे वेगळे आणि पाणी मिळणे वेगळे! तीव्र उतारावरून पाणी पाहता पाहता दरीत जाते. कधी कधी ते डोंगरही सोबत नेते. 1968 च्या ऑक्टोबरात तेथे भयंकर दरडी कोसळल्या. 2025 च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या पावसाने मिरिक परिसरात पुन्हा तेच घडले. त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली.

या उतारावर पाठीला टोपली बांधून ‘दोन पाने, एक कळी’ खुडणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. पश्चिम बंगालमध्ये 2023 साली त्यांची रोजंदारी 250 रुपये ठरली. जगातल्या महागड्या चहांत ज्याची गणना होते, तो खुडणाऱ्या हातांना एवढेच मिळते. म्हणून तेथील तरुण मुले मळा सोडून शहराची वाट धरतात.

आता आपल्या दक्षिणेकडे पाहा. ती सातमाळा-अजिंठ्याची रांग. तिच्यातच पाटणादेवी, औट्रम घाट आणि 1986 साली जाहीर झालेले गौताळा अभयारण्य. हिमालय ठिसूळ आणि वयाने तरुण. आपला डोंगर काळ्या बसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पण पाण्याचा नियम दोहोंना एकच. 31 ऑगस्ट 2021 ची पहाट चाळीसगावकर विसरलेले नाहीत. वर घाटात दरडी कोसळल्या, खाली डोंगरी आणि तितूर या नद्यांचे पाणी गावात शिरले, गुरे वाहून गेली. आणि ज्या डोंगराने पूर पाठवला, त्याच्याच पायथ्याच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पाऊस उतारावरून खाली गेला की त्याच्या मागोमाग माणसेही जातात.

एक हिशेब करू. एका हेक्टरवर 10 सेंटिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी? दहा लाख लिटर! म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. समपातळी चर, दगडी बांध, गवत आणि झाडे यांतले काही पाणी अडवतात व मुरवतात. मात्र झाडे लावली की पूर कायमचा टळेल असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. माती एकदा भिजून तुडुंब झाली, की पुढचे पाणी वाहणारच. म्हणून पाणी अडवायला हवे, नदीचे पात्र मोकळे ठेवायला हवे आणि पाऊस मोजायलाही हवा.

हे शेवटचे काम तुमचे. माझे मत असे, की डोंगरपायथ्याच्या प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा. विकत घेणे जमत नसेल, तर सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत नोंदवा आणि डबा रिकामा करा. पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटर. तिकडे कोसळलेल्या पावसाला गावात पोचायला वेळ लागतो. फोनला लागत नाही. पायथ्याच्या गुरुजींनी मुसळधार पावसाची बातमी वेळेवर खाली कळवली, तर निदान गुरे सोडता येतील, म्हाताऱ्या माणसांना उंचावर नेता येईल.

दार्जिलिंगच्या उताराची काळजी तेथील लोकांनी घ्यावी आणि त्यांच्या कष्टांचे मोल आपणही जाणावे. पण आपल्या उताराचा हिशेब दुसरे कोण ठेवणार? येत्या पावसाळ्यापूर्वी तुमच्या शाळेत तो डबा बसलेला असू द्या.