पाणाड्याला दक्षिणा, मोजणाऱ्याला रामराम

"पर्यावरणात करिअर? ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं खूळ. आपल्याकडं जंगल तरी कुठंय?" राणीसावरगावच्या पारावर हा विषय काढून पाहा, उत्तर साधारण याच वळणाचं मिळेल. त्याला तीन आक्षेप जोडून येतात: इथं जपायला काही नाही, त्या कामाला अक्कल लागत नाही आणि त्यात पैसा नाही. तिन्ही तपासून घेऊ.

पहिल्या आक्षेपातलं अर्धं खरं आहे. राज्यातल्या अगदी कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीचा नंबर लागतो. इथं वाघ नाही, सफारी नाही. पण संवर्धन म्हणजे वाघच, हे कुणी ठरवलं? गंगाखेड सोडून राणीसावरगावची वाट धरली की गोदाकाठची काळी जमीन मागं पडते आणि बालाघाटचं मुरमाड माळरान लागतं. या उतारावरची माती प्रत्येक वळवाला थोडीथोडी खाली जाते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी 10 हजार लिटर भरतं. म्हणजे एका संध्याकाळी 25 मिलिमीटर झाला, तर हेक्टरी दहा हजार लिटरचे 25 टँकर. आपण ते ओढ्याला सोडून देतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. जपायला काही नाही म्हणणाऱ्यानं हा हिशोब आधी करावा.

दुसरा आक्षेप जास्त खोलवर रुतलेला आहे: हे खड्डे खोदायचं काम, त्याला कसलं आलंय कौशल्य? तर ए-फ्रेम हातात घेऊन बघा. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून दोरीला दगड. पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीला जिथं लागते तिथं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. या दोन्हींच्या बरोबर मध्ये दोरी आली, की समजावं दोन्ही पाय एका पातळीत आहेत. असं पाऊल-पाऊल सरकत डोंगराला समपातळीची रेघ आखली जाते आणि तिच्यावर सलग समतल चर खोदला जातो. रेघ वीतभर चुकली तर पाणी चरात थांबत नाही. खालच्या टोकाला धावतं, काठ फोडतं आणि जिथं माती अडवायची तिथंच घळ पाडतं. खोदायला ताकद लागते, पण रेघेला डोकं लागतं.

आपलं खरं दुखणं इथं आहे. 1972 च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर मराठवाड्यानं अमाप माती उपसली. पण खोदणारा गावचा आणि आखणारा बाहेरचा, अशीच वाटणी राहिली. काम संपलं की आखणारा निघून गेला आणि रेघेचं ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं. गावाकडं उरली ती मजुरी. मग संवर्धन म्हणजे हलकं काम, असं वाटलं तर नवल काय?

तिसरा आक्षेप पैशाचा. बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतो कोण? आपणच ना? तळहातावरचा नारळ उभा राहिला की त्याला दक्षिणा देतो, मग बोअरच्या गाडीला फुटावर पैसे मोजतो आणि फुफाटा उडाला की नशिबाला बोल लावतो. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरपलीकडं जाण्यावर बंधन आणलं, तरी आपली हौस भागत नाही. आपल्या खडकात पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. ते थर वाचायला शिकवणारी अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था पुण्यात आहे. म्हणजे पैसा आहे. तो अंदाजाला जातो, मोजमापाला जात नाही.

एक गोष्ट मात्र विरोधकांची मान्य करायला हवी. या क्षेत्रातली बरीच कामं प्रकल्पाच्या आयुष्याशी बांधलेली असतात. परभणीसह मराठवाड्यात आलेल्या पोकरा प्रकल्पानं समूह सहायकासारखी कामं दिली, पण ती कंत्राटी. सरकारी जागा पाहाल, तर 2023 अखेरच्या जाहिरातीत जलसंधारण अधिकाऱ्यांची पदं होती 670, आणि ती अख्ख्या राज्याला. ग्रामपंचायती मात्र 28 हजारांच्या घरात. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, पण त्यातून पगार द्यायची मुभा ठेवली नाही. म्हणजे बंधाऱ्याला पैसा आहे, तो भरला की गळला हे बघणाऱ्याला नाही. हा दोष व्यवस्थेचा आहे, विद्येचा नाही.

मग करायचं काय? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तेच गावातल्या पन्नास विहिरींवर करणारं पोरगं किंवा पोरगी आपल्याला हवी. तिला पर्जन्यमापक वाचता यावा, ए-फ्रेम लावता यावी, मोबाइलवर नकाशा आखता यावा, जैवविविधता नोंदवहीत माळावरचं गवत नि पाखरू नावानिशी लिहिता यावं. शिकवायला परभणीचं कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे, तिथं मृद व जल संधारणाचा स्वतंत्र विभाग आहे. हिवरे बाजारनं पावसाचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावर पिकं ठरवली. तिथंही सुरुवात मोजण्यापासूनच झाली.

पगाराचं म्हणाल, तर सुताराला नि लोहाराला बलुतं देऊन कसब सांभाळणारी गावं आपलीच. पाच-सहा गावांनी मिळून एका मोजणाऱ्याचा मेहनताना उचलला, तर घरटी वाटा फसलेल्या एका बोअरच्या खर्चापुढं किरकोळ असेल.

उन्हाळा लागला की बोअरची गाडी दारात येईल. तिला बोलावण्याआधी राणीसावरगावच्या ग्रामसभेनं एकच प्रश्न विचारावा: गेल्या मे महिन्यात आपल्या विहिरींत पाणी किती फुटांवर होतं? उत्तर आकड्यात देणारं कुणी उभं राहिलं नाही, तर ती जागा रिकामी आहे. ती भरावी आणि तिचा पगार ठरवूनच सभा उठावी.