जुन्या नगरचा नकाशा कुणासाठी?

माझं बालपण जुन्या नगरात गेलं. खाली अब्बांचं दुकान, मागे आमचं घर, माडीवर भाडेकरू. शेजारी कासार, पलीकडे रंगारी, समोर शेठजींची पेढी. कोण कुठे राहतो आणि कुठे धंदा करतो, हा प्रश्न गल्लीत कधी कुणाला पडला नाही. तो पडतो नगररचनेच्या नकाशाला. तिथे पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, हिरवा मोकळ्या जागेचा. आणि जुन्या शहराला एकच शब्द : 'दाट वस्ती'. पाचशे वर्षांचं शहर या एका शब्दात गुंडाळून ठेवलं जातं, याला माझी हरकत आहे.

1490 मध्ये मलिक अहमद निजामशाहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि सीनाकाठी हे शहर वसवलं. कापूरवाडी, शेंडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं. इथल्याच भुईकोट किल्ल्यात 1942 नंतरच्या कैदेत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर'मधली पत्रं. दरवर्षी 28 मे आला की आपण हे सगळं आठवतो, भाषणं ऐकतो आणि घरी जातो. विकास आराखड्याचा विषय निघाला की मात्र या इतिहासाचा कुणी उच्चारही करत नाही.

जुना वाडा कसा पडतो ते पाहा. गल्लीवर रस्तारुंदीची रेषा आखलेली असते. मालकाने वाडा नव्याने बांधायला काढला की त्याला त्या रेषेमागे सरकावं लागतं. आधीच चिंचोळी असलेली जागा आणखी कमी होते, म्हणून तो बांधत नाही. भाडेकरू जुन्या भाड्यात राहतात, म्हणून तो दुरुस्तीही करत नाही. चार पावसाळ्यांत माळवद गळतं, भिंत फुगते, 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागते. मग बिल्डर येतो. सागवानी खांब भंगारात जातात आणि कासार, रंगारी शहराबाहेर. यालाच आपण पुनर्विकास म्हणतो.

संरक्षित स्मारकाजवळ राहणाऱ्याची गत वेगळी. दमडी मशीद, कोठला, फराहबाग ही केंद्राच्या संरक्षणाखालची ठिकाणं. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. स्मारकासाठी हे हवंच. दुरुस्तीला परवानगी मिळते, असंही कायदा सांगतो. पण माझ्या एका नातेवाइकाला गळकं छप्पर बदलायचं होतं. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिलीकडे. तीन पावसाळे ताडपत्रीखाली काढल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "ही मशीद इथे नसती तर बरं झालं असतं." नमाजी माणूस आहे तो. वारशाचा शत्रू अशा रीतीने तयार होतो.

आता कुणी म्हणेल, कायद्यात सोय नाही. सोय आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 22 विकास आराखड्यात काय असावं ते सांगतं आणि त्यात ऐतिहासिक वास्तू व परिसरांचं जतन येतं. मुंबईने 1995 मध्येच वारसा नियमावली केली. 2017 मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेल्या अहमदाबादेत जुनं घर जपणाऱ्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, विकता येतो. मालकाच्या हातात चार पैसे पडले, तर तो वाडा पाडणार नाही. माणूस उपदेशाने वारसा जपत नाही, परवडला तर जपतो.

थोडं आपल्या घरातलंही बोलू या. मशिदीच्या जुन्या दगडावर ऑइलपेंट कुणी फासला? भिंतींना चकचकीत फरशा कुणी लावल्या? कबरस्तानाच्या कडेला, वक्फच्या जागेत पत्र्याचे गाळे कुणी उभारू दिले? सरकारने? निजामशाहीचा अभिमान जलशात मिरवायचा आणि त्याच काळच्या कमानीला खिळे ठोकून बॅनर लावायचे, हे आपणच करतो. आणि हा वारसा एकट्या मुसलमानांचा नाही. मोहरमची सवारी कोठल्यातून निघते तेव्हा रस्त्यावर सगळं नगर असतं. त्या सवारीचा रस्ताही आराखड्यात वारसा म्हणून नोंदवला पाहिजे.

2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. त्यावर दोन्ही बाजूंनी भांडून झालं. माझा प्रश्न साधा आहे. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, पडकी देवळं उभी केली. त्यांच्या नावाच्या शहरात जुनी वास्तू पडू द्यायची का? ज्यांना हे नाव हवं होतं आणि ज्यांना नको होतं, त्या दोघांनीही याचं उत्तर द्यावं.

मागण्या अवघड नाहीत. जुन्या शहराचा स्वतंत्र वारसा विभाग करा. त्यात खाली धंदा आणि वर घर, या वापराला उघड मान्यता द्या. वास्तूंची यादी आराखड्यालाच जोडा. जपणुकीच्या गल्ल्यांवरची रुंदीकरणाची रेषा पुसा. दुरुस्तीचा अर्ज एकाच खिडकीवर घ्या आणि ठरलेल्या दिवसांत निकाल द्या.

आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. त्या वेळी बिल्डर हजर असतो, आपण नसतो. पुढच्या वेळी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात टेबल टाका, नकाशा लावा आणि हरकतीचे अर्ज भरून घ्या. माझा अर्ज मी आजच लिहून ठेवला आहे. तुमचाही लिहून ठेवा.