इराणच्या भगिनी आणि आमची कविता

कवितेने कोठे राज्ये हालतात काय, असा प्रश्न आमचे व्यवहारी मित्र वारंवार करितात. प्रश्न गैर नाही. ज्यांस रोज संध्याकाळी खतावणी मिळवावी लागते, त्यांनी शब्दांचाही जमाखर्च विचारावा हे रास्तच होय. उत्तरादाखल आम्ही खुद्द इराणच्या सरकारासच साक्षीस बोलावितो.

सप्टेंबर २०२२ मध्ये मस्तकावरील वस्त्र नियमाप्रमाणे नाही एवढ्या सबबीवर पोलिसांनी धरलेली महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी तीन दिवसांत तेहरानच्या इस्पितळात मरण पावली. तिच्या दफनापासून 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही कुर्द स्त्रियांची घोषणा देशभर पसरली. स्त्रियांनी भर रस्त्यात आपली शिरोवस्त्रे जाळली. डिसेंबरात तेहरानच्या बाजारातील कित्येक दुकानदारांनीही दुकानांस कुलपे घातली. शेरविन हाजीपूर या तरुण गायकाने तर पदरचे फारसे काही घातलेच नाही. आपण का उठलो, याची लोकांनी ट्विटरवर लिहिलेली एकेका ओळीची कारणे त्याने सुरांत ओविली, आणि थोड्याच दिवसांत त्यास अटक झाली! शब्द जर इतके निरुपयोगी, तर हे भय कशाचे? सीमीन बेहबहानी या ब्याऐंशी वर्षांच्या, दृष्टी बहुतेक गेलेल्या कवयित्रीचा पासपोर्ट २०१० साली विमानतळावर काढून घेणाऱ्यांस तिच्या हाती कोणती तोफ दिसली होती?

तेव्हा आमच्या कवींनी या भगिनींसाठी अवश्य लिहावे. मात्र त्यांची कीव करू नये, आणि त्यांच्या आडून शेजाऱ्याच्या धर्मास टोमणेही मारू नयेत. रेझा शहाने १९३६ साली बुरखा उतरविण्याची सक्ती केली, तेव्हा कित्येक स्त्रिया घराबाहेर पडेनाशा झाल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर मस्तक झाकण्याची सक्ती येऊ लागताच त्याच वर्षी ८ मार्च रोजी तेहरानच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तंटा वस्त्राचा नव्हे, हुकमाचा आहे. जो गृहस्थ सभेत इराणी स्त्रीचे गुणगान करितो आणि घरी मुलीच्या लग्नाचा निकाल तिला न विचारता लावितो, त्याच्या कवितेस आमच्या पत्रात जागा नाही.

आमच्या मते पहिले काम त्यांचेच शब्द मराठीत आणण्याचे आहे. ज्या फारसीने आम्हांस दुकान, बाजार, खर्च हे शब्द दिले, तिच्यातील आजची कविता आम्हांस परकी वाटावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तेहरानात ज्या ओळीपायी तुरुंग पाहावा लागतो, ती येथे छापण्यास आम्हांस शाई व कागद यांपलीकडे काही पडत नाही. फारसी जाणणाऱ्या वाचकांनी अशी भाषांतरे आम्हांकडे पाठवावी. त्यांसाठी पुढील रविवारपासून एक रकाना राखून ठेवीत आहोत.